संहिता (असल्यास)

शनिवारी सकाळी साडेआठला फोन वाजला की तो एकतर ऑनकॉलचा असतो, नाहीतर गावाकडचा. हा गावाकडचा होता. शहाद्याच्या शाळेतला माझा मित्र, आता नवापूरकडे शिक्षक आहे. त्याच्या मामाची सोंगाड्या पार्टी आहे.

"भो, तुला मराठी टायपिंग येतं ना? एक नाटक टाइप करून दे."

म्हटलं, पाठव कागद. तर म्हणे कागद नाहीये. ऑडिओ पाठवतो.

सोंगाड्या पार्टी हा प्रकार पुण्या-मुंबईच्या मंडळींना माहीत असायचं कारण नाही. नंदुरबार जिल्ह्यात आणि लागून असलेल्या दक्षिण गुजरातेत लग्नात, जत्रेत, गावजेवणाला ह्या पार्ट्या बोलावतात. रात्री जेवणं झाली की सुरू होतं ते उजाडेपर्यंत. गाणी, नाच, एखादी कथा, आणि मधे मधे सोंगाड्याची टोलेबाजी. पुष्कळदा बायकांची कामं पुरुषच करतात. भाषा मावची, भिली, मधेच अहिराणी, साहेबाचं सोंग आलं की "शुद्ध" मराठी (आणि त्या शुद्ध मराठीवरच सगळ्यात जास्त हशा!). ह्या पार्टीला पहिल्यांदाच शहरातल्या नाट्यगृहात, तिकीट लावून खेळ करायचा होता. तिथे सांगण्यात आलं की आधी संहिता तपासून घ्या, सेन्सॉरचं सर्टिफिकेट आणा, मग तारीख.

संहितेत काय चालतं, काय चालत नाही, असं मामांनी विचारलं. उत्तर मिळालं, "आक्षेपार्ह काही नको."

बस्स. एवढीच स्पेसिफिकेशन.

आता मी पडलो इंजिनिअर. रिक्वायरमेंट स्पष्ट नसेल तर आम्ही क्लायंटला मेल टाकतो. इथे क्लायंट कोण तेच कळेना. मग तो सगळा वीकेंड (आणि नंतरचे दोन) मी एकीकडे ऑडिओ ऐकत आणि दुसरीकडे हा "आक्षेपार्ह काही नको" नियम आला कुठून ते शोधत काढले.

सुरुवात कलकत्त्यात होते. १८७५ च्या अखेरीस इंग्लंडचा युवराज, म्हणजे प्रिन्स ऑफ वेल्स, हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला. जगदानंद मुखर्जी नावाच्या एका वकिलाने त्याला थेट आपल्या घरच्या जनानखान्यात नेऊन बायकांकडून ओवाळून घेतलं. शहरात बोंबाबोंब. ग्रेट नॅशनल थिएटरने लगोलग ह्यावर प्रहसन बसवलं, मुखर्जींच्या नावाची खिल्ली उडवून. पोलिसांनी ते थांबवलं, मंडळींनी नाव बदलून पुन्हा केलं. शेवटी व्हाइसरॉय नॉर्थब्रुकने फेब्रुवारी १८७६ मध्ये अध्यादेश काढला आणि वर्ष संपायच्या आत त्याचा कायदा झाला, ड्रॅमॅटिक परफॉर्मन्सेस ॲक्ट.

हा कायदा मुळातून वाचण्यासारखा आहे. छोटासाच आहे. बदनामीकारक, सरकारविषयी अप्रीती निर्माण करणारं, प्रेक्षकांची नीती बिघडवणारं असं काही वाटलं तर प्रयोग थांबवता येईल. वाटलं कुणाला? तर सरकारला. अप्रीती म्हणजे किती, नीती म्हणजे कुणाची, ह्याला व्याख्या नाही.

पण मला त्यात दोन जागा फार आवडल्या. एक म्हणजे संहिता आधी मागवायचं कलम. एखाद्या भागात सरकारला वाटलं तर तिथे प्रयोगाच्या किमान तीन दिवस आधी नाटकाची प्रत द्यायची. कुठली प्रत? "जेवढं लिहिलेलं असेल तेवढी." आणि मूकाभिनय असेल तर त्याचा आशय काय आहे तो पुरेसा सांगायचा. म्हणजे कायदा लिहिणाऱ्या साहेबालाही माहीत होतं की ह्या देशात सगळी नाटकं लिहिलेली नसतात.

दुसरी जागा शेवटाकडे आहे. धार्मिक उत्सवातल्या जात्रा आणि त्यासारखे खेळ ह्यांना हा कायदा लागू नाही! बंगालीत जात्रा म्हणजे लोकनाट्य, तेव्हा मूळ रोख तिकडचा असणार. तरी वाचताना माझ्या डोळ्यासमोर आली ती सारंगखेड्याची यात्रा, तापीच्या काठावरची. एकमुखी दत्त, घोड्यांचा बाजार, आणि थंडीत कुडकुडत पाहिलेला तमाशा. इंग्रजांनी ज्या गोष्टीला हात लावला नाही ती ही.

अर्थात ह्यात इंग्रजांचा मोठेपणा वगैरे काही नव्हता. १८५७ नंतर धर्माच्या वाटेला जायचं नाही हे त्यांचं धोरण होतं, आणि गावच्या खेळात काय बोलतात ते कळायला त्यांना भाषाही येत नव्हती. त्यांना भीती होती ती शहरातल्या, शिकलेल्या, तिकीट काढून येणाऱ्या माणसांची.

ती भीती किती खरी होती ते आपल्याकडे कीचकवधाने दाखवलं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, टिळकांच्या केसरीतले. १९०७ मध्ये नाटक रंगमंचावर आलं. कथा महाभारतातली, विराटाच्या दरबारातली. पूर्ण नाटकात इंग्रज नावाचा शब्द नाही. पण प्रेक्षागृहात बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं की कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे आपला देश, सबुरीने घ्या म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ, आणि भीम म्हणजे कोण ते सांगायला नको. सरकारला हे कळायला जवळजवळ तीन वर्षं लागली. १९१० मध्ये बंदी आली.

ह्या बंदीबद्दल मी जितका विचार करतो तितका माझ्यातल्या प्रोग्रामरला घाम फुटतो. समजा तुम्ही ती संहिता तपासायला बसलात. प्रत्येक ओळ स्वच्छ आहे. आक्षेपार्ह शब्द शोधायचा प्रोग्राम लिहिलात तर निकाल शून्य. आक्षेपार्ह जे होतं ते कागदावर नव्हतंच, ते कागद आणि प्रेक्षक ह्यांच्या मधल्या हवेत होतं. म्हणजे संहिता तपासून नाटक तपासता येतं हे गृहीतकच तिथे कोसळलं. पण यंत्रणा गृहीतकं कोसळली म्हणून बंद पडत नसतात, हे कुठल्याही मोठ्या कंपनीत काम केलेल्याला माहीत आहे. असो.

मला वाटत होतं की ही गोष्ट १९४७ ला संपत असेल. ती तिथे वळण घेते, आणि आमच्या सारंगखेड्याच्या दृष्टीने वाईट वळण.

स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी आणली. बाळासाहेब खेर मुख्यमंत्री होते, मोरारजी देसाई गृहमंत्री. तमासगिरांची पोटं बंद झाली. धावपळ, विनंत्या, समित्या असं करत बंदी सुटली, पण वग आता तपासून घ्यायचे ही गोष्ट चिकटली ती चिकटलीच. त्याच काळात अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर ह्यांच्या लाल बावटा कलापथकावरही सरकारचा डोळा होता. अण्णाभाऊंच्या तमाशांवर बंदी आली तेव्हा त्यांनी त्याच खेळाला "लोकनाट्य" म्हणायला सुरुवात केली असं सांगतात. फाइलचं नाव बदलून पुन्हा अपलोड :-)

आणि मग मुंबई पोलीस कायदा, १९५१. आता त्याला महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणतात. त्याच्या कलम ३३ मध्ये पोलिसांना कशाकशाचे नियम करता येतील त्याची लांबलचक यादी आहे. वाहतूक, मिरवणुका, जनावरं, वाद्यं. त्याच यादीत करमणुकीच्या प्रयोगांचा एक उपखंड आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, सभ्यता, नीतिमत्ता किंवा सर्वसामान्य जनतेचं हित ह्यांसाठी संगीत, नृत्य, नकला, नाट्य वगैरे प्रयोगांवर नियंत्रण ठेवता येईल. आणि त्यापुढे खास नाव घेऊन जोडलेलं आहे: मेळे आणि तमाशे धरून.

म्हणजे १८७६ च्या परकी कायद्याने जत्रेतले खेळ बाहेर ठेवले आणि आपल्या कायद्याने ते नाव घेऊन आत घेतले. मेळे का, तेही उघड आहे. १८९४ पासून गणपतीचे मेळे काय काय गात होते ते तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी स्वतः लहानपणी ऐकलेलं असणार. ज्यांना लोकांची भाषा येते ते राज्यावर आले की गावच्या सोंगाड्याचं बोलणं पहिल्यांदाच कळू लागतं.

त्याच उपखंडात पूर्वपरीक्षणाची तरतूद आहे. राज्य सरकारने नेमलेलं मंडळ प्रयोग आणि त्याची संहिता आधी तपासेल आणि प्रमाणपत्र देईल. आणि तिथे इंग्रजीत एक बारीकसा शेपटा आहे, ज्याचा अर्थ होतो "असल्यास". संहिता, असल्यास. पंचाहत्तर वर्षांनी तोच साहेबाचा शेपटा! पण प्रत्यक्ष खिडकीवर तो कुठे गळून पडतो कोण जाणे. मामांना कुणी "संहिता आहे का" असं विचारलंच नाही. "संहिता आणा" एवढंच.

मग १९७० नंतरचा काळ, ज्याच्या गोष्टी नाटकवाल्यांच्या गप्पांत हमखास निघतात. तेंडुलकरांचं गिधाडे, दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागू. साडीवर रक्ताचा लाल डाग दिसतो त्याला आक्षेप. मग डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी जाहीर केलं की सेन्सॉरच्या आदेशावरून हा डाग निळा केलेला आहे, प्रेक्षकांनी तो लाल समजावा. मला ही गोष्ट पहिल्यांदा कॉलेजात कळली तेव्हा पोट धरून हसलो होतो. आता हसू येतं, पण दुसराही विचार येतो. त्यांच्याकडे लागू होते, तेंडुलकर होते, पाठीशी पंडित सत्यदेव दुबे होते, समोर सगळं समजून टाळ्या देणारा मुंबईचा प्रेक्षक होता. नियमाची अशी फिरकी घ्यायला माणसाकडे काहीतरी भांडवल लागतं. (शिवाय, ज्या इंग्लंडमधून हे नाटक आधी तपासायचं खूळ आलं, तिथे लॉर्ड चेंबरलेनने संहिता तपासणं १९६८ मध्ये कायद्याने बंद झालं होतं. १७३७ पासून चाललेलं. आपला डाग निळा झाला तो त्याच्यानंतर.)

१९७२ मध्ये सखाराम बाइंडर. कमलाकर सारंग दिग्दर्शक, निळू फुले सखाराम, लालन सारंग चंपा. तेरा प्रयोग झाले आणि अडवलं. बत्तीस काटछाटी सुचवल्या होत्या मंडळाने. सारंग कोर्टात गेले आणि जिंकले, पुढे त्यांनी त्यावर "बाइंडरचे दिवस" हे पुस्तकही लिहिलं. बत्तीस हा आकडा माझ्या डोक्यात राहिला. इतकी मोठी यादी बघून पुढच्या नाटककाराने काय शिकायचं? बत्तीस ठिकाणी काय गाळायचं ते कळतं. तेहतिसावं काय असेल ते कळत नाही. सी मध्ये अनडिफाइन्ड बिहेवियर म्हणतात तसलं. कंपाइलर एरर देत नाही, प्रोग्राम चालतो, तुमच्या मशिनवर चालतो, मित्राच्या मशिनवर चालतो, आणि एक दिवस नको तिथे फुटतो.

सर्टिफिकेट असलं म्हणजे सुटलो असंही नाही. मी नथुराम गोडसे बोलतोय मंडळाच्या परवानगीने १९९८ मध्ये रंगमंचावर आलं, आणि त्याच वर्षी सरकारने बंद केलं. त्या नाटकातली भूमिका मला स्वतःला पटत नाही. पण तपासून दिलेला शिक्का गोंधळ झाल्यावर शिक्का राहत नाही, हे त्यात दिसलं. २००१ मध्ये हायकोर्टाने ती बंदी उठवली.

कोर्टांनी मुळावर बोट ठेवलं नाही असं नाही. लखनौला १९५३ मध्ये इप्टाने प्रेमचंदांच्या ईदगाहवर नाटक केलं, त्यावरून खटला झाला, आणि १९५६ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने १८७६ चा कायदा घटनेत बसत नाही असं म्हटलं. पण तो कायदा पुस्तकातून काढून टाकायला संसदेला २०१८ उजाडलं! आपल्याकडच्या पूर्वपरीक्षणाच्या नियमांना अमोल पालेकरांनी २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टात आव्हान दिलं.

इथे एक उलट उदाहरण सांगितलंच पाहिजे, नाहीतर "नियम स्पष्ट लिहा म्हणजे झालं" असं मी म्हणतोय असं वाटेल. मलाही आधी तसंच वाटत होतं. २०१९ च्या अखेरीस पुण्यात फिरोदिया करंडकाच्या आयोजकांनी विषयांची यादीच जाहीर केली. राम मंदिर-बाबरी मशीद, जम्मू-काश्मीर, कलम ३७० आणि असे आणखी काही विषय नकोत. ह्याहून स्पष्ट नियम काय असणार? आणि गदारोळ झाला, होणारच होता, आणि यादी मागे घ्यावी लागली. मी तेव्हा मित्रांशी वाद घातला होता की निदान त्यांनी लिहून तरी दिलं. आमच्या वेळी एका स्पर्धेत (नाव नको) आमच्या एकांकिकेतलं एक पात्र फक्त "बघा जरा, उगाच कशाला" एवढ्या एका वाक्यावर आम्हीच काढून टाकलं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. ते पात्र आदिवासी आश्रमशाळेतल्या शिपायाचं होतं, मीच लिहिलेलं. आणि ते का काढलं ह्याचं उत्तर मला आजही देता येत नाही. यादी असती तर भांडता तरी आलं असतं. "उगाच कशाला"शी भांडता येत नाही.

हे सगळं वाचत असताना ऑडिओ चालूच होते. तीन रात्रींची रेकॉर्डिंगं, तीन गावांची. कथा तीच, गाणी साधारण तीच. पण सोंगाड्या तिन्ही ठिकाणी वेगळा. एका गावात तो सरपंचाच्या नव्या गाडीवर बोलतो, दुसऱ्या गावात रेशन दुकानावर, तिसऱ्या गावात अर्धा तास नुसता हातपंपाचा आवाज काढतो आणि लोक लोळतात. ह्यातली संहिता कुठली?

आणि खरं सांगतो, टाइप करता करता माझी बोटं थांबायला लागली. सरपंचाचं नाव? नको. पोलीस पाटलावरचा विनोद? बघू, नको. बायकोच्या सोंगातला तो एक संवाद, ज्यावर समोर बसलेल्या म्हाताऱ्या सगळ्यात जास्त हसतायत हे रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतं, तो? मी तो तीनदा लिहिला आणि तीनदा खोडला. समोर कुठलंही मंडळ नव्हतं. पुण्यातल्या फ्लॅटमध्ये एकटा बसलो होतो.

ह्या जिल्ह्यात सोंग घेण्याला नियम नसतात असं अजिबात नाही. अक्कलकुव्याजवळ काठीची होळी ज्यांनी पाहिली असेल त्यांना माहीत आहे. काठी हे जुनं मेवासी संस्थान. तिथे नवस असलेले पुरुष बावा-बुध्या होतात. डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरं, अंगावर नक्षी. ते सोंग घ्यायचं तर पाळणूक असते. जमिनीवर झोपायचं, ब्रह्मचर्य पाळायचं, अनवाणी फिरायचं, ठरलेले दिवस. होळी पेटते ती पहाटे, तोवर रात्रभर नाच. मी बारावीत असताना त्याच मित्राबरोबर गेलो होतो. एका बुध्याला विचारलं, हे सगळं लिहिलेलं आहे का कुठे? तो माझ्याकडे असा बघत राहिला की जणू मी विचारलं, श्वास कसा घ्यायचा ते लिहिलंय का. ते नियम कडक आहेत, आणि कोणालाही विचारा, सगळ्यांना सारखेच माहीत आहेत. तपासणाराही तिथलाच असतो, कधीतरी त्यानेही ते भोपळे बांधलेले असतात.

तिसऱ्या रविवारी मी सगळं पुन्हा काढलं आणि खोडलेलं परत घातलं. म्हाताऱ्यांना हसवणारा संवादसुद्धा. सरपंचाचं नाव मात्र घातलं नाही, कारण नाट्यगृहात तो सरपंच नसणार, तिथे दुसरं कोणीतरी असेल. बेचाळीस पानं झाली. हातपंपाच्या जागी लिहिलं, "येथे सोंगाड्या सुमारे पाच मिनिटे गावातील घडामोडींविषयी बोलतो." १८७६ च्या कायद्यातला तो आशय पुरेसा सांगण्याचा प्रकार. पीडीएफ करून पाठवली.

संध्याकाळी फोन आला. मामा स्वतः बोलत होते. त्यांनी पीडीएफ भाच्याकडून वाचून घेतली होती, पूर्ण.

"छान आहे," म्हणाले. "कोणत्या पार्टीचं आहे?"

म्हटलं, मामा, तुमचंच आहे.

जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ते पाच मिनिटं लिहिलंय ना, तिथं दीड तास करा."